सातवं पातं

१

सहा पाती आरशासारखी निघाली होती. सातव्याच्या काळजात कटर घुसला तो दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी, आठ वाजून दहा मिनिटांनी.

ड्रॉइंग ऑफिसात अनसूया गोरे ट्रेसिंग कागदावर शाईची रेघ ओढत होती. आधी एक दणका, मग काच फुटावी तसा खळ्ळकन आवाज, आणि मग माणसाची किंकाळी. तिची रेघ वाकडी गेली. बारा वर्षांत अनसूयाची रेघ वाकडी गेली नव्हती, साबडे इंजिनिअरिंग वर्क्समध्ये कुणालाही विचारा!

ती धावतच मशीनशॉपमध्ये गेली. नव्या मशीनपाशी हेल्पर गुंडा खाली बसला होता. चाळिशीचा धिप्पाड गडी, पण डावा डोळा दोन्ही हातांनी दाबून लेकरासारखा हुंदके देत होता. बोटांमधून रक्त गळत होतं. समोर मशीन चालवणारा बाळासो खांबासारखा उभा. त्याचे दोन्ही हात पुढे पसरलेले होते आणि तळव्यांवर आपट्याची पानं तशीच होती.

"म्या काय न्हाई केलं ताई," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "म्या चाकाला हात बी लावला न्हाई."

मशीनच्या टेबलावर पोलादाचा मोठा गोल ठोकळा पकडलेला होता. त्यातूनच इंपेलर घडत होता. इंपेलर म्हणजे हवा फेकणाऱ्या ब्लोअरच्या पोटात गरगर फिरणारं पातेदार चक्र. पाती सात, आणि प्रत्येक पातं असं पिळलेलं, जसं केळीचं कोवळं पान. सहा पाती झाली होती. सातव्या पात्याच्या जागी खोल खड्डा पडला होता, आणि कटरचे तुकडे फरशीवर विखुरले होते. त्यातलाच एक गुंडाच्या डोळ्यात गेला होता.

गुंडाला जीपमध्ये घालून सांगलीच्या डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. धूळ खाली बसायच्या आत मालक साबडेसाहेब शॉपमध्ये आले. त्यांनी खड्ड्याकडे पाहिलं, बाळासोकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाले,

"खत कारखान्याचं काम होतं हे. सहा महिन्यांची मेहनत. सहा पाती बरोबर आली. मशीन तेच, टेप तीच. मग सातव्याला बदललं काय? माणसाची नियत!"

बाळासोच्या तळव्यावरची पानं खाली पडली.

२

हे मशीन एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात कारखान्यात आलं, तेव्हा अख्खं कोरेगाव ते बघायला लोटलं होतं. त्याला माणसाच्या हाताची गरजच नव्हती. बोटभर रुंदीची एक लांबलचक कागदी पट्टी, तिच्यावर बारीक भोकांच्या ओळी. तिला म्हणायचं टेप. टेप सरसर सरकायची आणि मशीन आपसूक वर-खाली, डावं-उजवं व्हायचं. एक पातं झालं की टेबल सातव्या हिश्श्यानं फिरवायचं, टेप परत सुरुवातीला आणायची, की पुढचं पातं.

शुक्रवारी सकाळी साबडेसाहेबांनी अनसूयाला बोलावलं. त्यांच्या टेबलावर पत्र्याचा गोल डबा होता.

"ही मशीनवरची टेप, आणि ही कपाटातली तिची जोडप्रत. भोक न् भोक ताडून बघा. तुमच्याइतकी बारीक नजर इथं कुणाची नाही."

अनसूयानं डबा उघडला. आत दोन-चार मुंग्या फिरत होत्या. तिनं फुंकर मारून त्या उडवल्या. दसऱ्याचे दिवस, साहेबांच्या कपाटात पेढ्यांचा पुडा असणारच.

ड्रॉइंग बोर्डावर तिनं खाली जोडप्रत पसरली, वर मशीनवरची टेप ठेवली. शिवणाची बारीक सुई घेतली आणि वरच्या भोकातून घातली. खालच्या भोकातूनही गेली तर बरोबर. असं एकेक. दुपारचा डबा तसाच राहिला. चार वाजता मान वर केली तेव्हा सगळी बोटं बधिर झाली होती. एकही भोक कमी नव्हतं, एकही जास्त नव्हतं.

साहेबांनी दिलेल्या कागदावर तिनं लिहिलं, 'टेप निर्दोष आहे', आणि खाली सही केली.

साहेबांनी तो कागद वाचून घडी घातला. "झालं तर मग. टेप चुकली नाही, म्हणजे बाळासोनं हाताचं चाक फिरवून कटर खाली ढकलला. सोमवारी अकराला फौजदारांना बोलावलंय. तुमचा हा कागद त्यांच्या हातात देतो."

खरं तेच तर लिहिलं होतं तिनं! मग ते बाळासोच्या मनगटात बेडी होऊन कसं पडत होतं?

बाहेर फाटकापाशी बाळासो उभा होता. आत यायला त्याला बंदी होती.

"ताई, तुमी सही केलीसा म्हणं."

"टेप बरोबर आहे रे बाळासो. मी काय करू?"

"टेप बराबर आसंल. मी बी बराबर हाय." त्यानं फाटकाचा गज धरला. "माजा धाकला भाऊ पलटणीत हाय, लडाकला. आन् गावात म्हणत्यात, एक भाऊ शीव राखतुया, दुसरा कारखान्यात घात करतुया. आमच्या म्हाताऱ्यानं काल भाकरीला हात लावला न्हाई. आवं, आपल्याच मेव्हण्याचा डोळा फोडीन व्हय मी?"

घरी जाताना अनसूयानं मनाशी एक गाठ मारली. माझी सही खरी असेल आणि बाळासोही खरा असेल, तर या दोन खऱ्यांच्या मधे काहीतरी तिसरं दडलंय. सोमवारच्या अकरापर्यंत ते मी शोधून काढणार!

३

शनिवारी ती पहिल्यांदा अनंत परचुरेकडे गेली. बेंगलोरला शिकून आलेला तरुण इंजिनिअर. टेप त्यानंच तयार केली होती. सणाला तो सोमवारीच घरी पुण्याला गेला होता आणि काल परत आला होता.

"माझ्या टेपवर संशय?" त्यानं भुवया उंचावल्या. "बाई, तुम्हीच तर सही केलीत."

"संशय नाही हो. मला शिकवा. मशीन टेप वाचतं कसं?"

शिकवायला मिळालं की परचुरे खुलायचाच. "एका बाजूला दिवा, दुसऱ्या बाजूला मशीनचे डोळे. मधून टेप सरकते. भोकातून उजेड आला की मशीनला कळतं, इथं भोक आहे. आणि चूक व्हायला वावच नाही. प्रत्येक आडव्या ओळीत भोकं सम संख्येत असतात. दोन, चार, सहा. एखादं भोक बुजलं किंवा एखादं जास्त झालं, तर संख्या विषम होते आणि मशीन जागच्या जागी थांबतं. समजलं?"

"आणि भोक बुजेल कशानं?"

"हळदकुंकवानं!" तो हसला. "म्हणून तर जाताना मशीनवर चिठ्ठी डकवून गेलो, खंडेनवमीच्या पूजेत टेपला हळदकुंकू लावू नये. मला ठाऊक आहेत आपली माणसं. व्हर्निअरच्या मोजपट्टीलासुद्धा गंध लावतात!"

चिठ्ठी अनसूयानं स्वतः वाचली होती, आणि पाळलीही होती. मंगळवारची ती पूजा आठवली की अजून तिचा ऊर भरून यायचा. झेंडूच्या माळा घातलेली मशीनं, पाटावर मांडलेली अवजारं, आणि ओवाळायची वेळ आली तेव्हा साहेबांच्या आई राहीआई सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या, "अनसूया, ये. तू ओवाळ."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले होते. अनसूयाचा नवराही याच कारखान्यात, तिच्या शेजारच्याच बोर्डावर नकाशे काढायचा. तो जाऊन आठ वर्षं झाली होती. या आठ वर्षांत कुणी तिच्या हातात आरतीचं ताट दिलं नव्हतं.

"मशीनला काय कळतंय सवाष्ण कोण न् विधवा कोण?" राहीआई म्हणाल्या होत्या. "ह्या मशीनवरच्या कामाच्या नकाशाची पहिली रेघ हिच्या हातची. मग ओवाळायचा मानसुद्धा हिचाच."

मान! आठ वर्षांनी तो शब्द तिच्या वाट्याला आला होता.

परचुरेकडून ती फोरमन जोतीरामकडे गेली. पन्नाशी ओलांडलेला, झुपकेदार मिशांचा माणूस. नवं मशीन यायच्या आधी पाती तोच कानसीनं घडवायचा. मशीनचा सगळ्यात मोठा वैरी कोण, असं विचारलं असतं तर पोरासोरांनी त्याचंच नाव घेतलं असतं.

"आलासा? या." तो स्टुलावरून उठला नाही. "मला ठावं हाय, माज्याकडंच बोट दावणार सगळी. जोत्यानं केलं, त्याला मशीन डोळ्यात खुपतंय."

"खुपतं का?"

"खुपतं की! खोटं कशाला बोलू? पर ह्यो इंपेलर माजा बी हाय. ठोकळा मी तासलाय. सवताच्या पोराचं नरडं कोण दाबतं वं?" त्यानं खिशातून एक चुरगळलेला कागद काढला. "हे बगा. काल साहेबांनी खड्डा मोजाय लावला. कटर एक मिलीमीटर खाली उतराय पायजेल हुता. त्यो सात उतरलाय. बराबर सात. सूतभर इकडं न्हाई, सूतभर तिकडं न्हाई."

"मग?"

"मग काय मग! साहेब म्हणत्यात, बराबर सहा जास्त म्हंजे मुद्दाम केलंय. आवं, घात करणारा मोजत बसतुया व्हय? आन् माणूस चुकला तर साडेपाच हुतंय, सव्वासहा हुतंय. तीस वर्सं झाली मला चुका बघताना. माणसाची चूक कवा एवढी साफ नसती."

अनसूयानं तो कागद दोनदा वाचला. माणसाची चूक एवढी साफ नसते. मग कुणाची असते?

ती उठली तसा जोतीराम मागून म्हणाला, "राग मानू नगा ताई, पर मी पूजेच्या दिशीच म्हणालू हुतो, आमच्या मंडळीला, चंद्रीला बोलवा म्हणून. सवाष्ण बाईमाणूस. न्हाई ऐकलं. आता गावात काय बोलत्यात, ठावं हाय का?"

ठाऊक होतं तिला. ते ऐकू येऊ नये म्हणून तर दोन दिवस ती मान खाली घालून चालत होती.

४

रविवारी सकाळच्या एसटीनं ती सांगलीला गेली.

गुंडाच्या अर्ध्या चेहऱ्यावर पट्टी होती. उशाशी त्याची बायको दगडाबाई मोसंबं सोलत बसली होती.

"डावा गेला," गुंडा म्हणाला. जसं कुणी म्हणावं, डावी चप्पल गेली. "उजवा ऱ्हाईल म्हणत्यात."

अनसूया खाटेच्या कडेला टेकली. मग तिनं विचारलं, "गुंडा, तेव्हा बाळासोचे हात कुठं होते?"

"माज्याम्होरं! मी गावास्नं आपट्याची पानं आणली हुती. दसऱ्याला भेट झाली न्हवती. म्हणलं, घे दाजी सोनं. त्येनं मशीन चालू केलं आन् दोन्ही हात पसरलं. म्या पानं ठेवली, तवरच धडाम!" त्यानं हात चादरीवर टाकले. "पर माजं कोण ऐकणार? मेव्हणा हाय म्हणत्यात. त्येला वाचवाय बोलतुया."

अनसूयाला ते पसरलेले तळवे आठवले. पानं तर तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती! म्हणजे चाक कुणी फिरवलंच नव्हतं. मशीन स्वतःहून सात खाली उतरलं होतं. आणि मशीन फक्त टेपचं ऐकतं.

"सहाव्या आणि सातव्या पात्याच्या मधे टेपला कुणी हात लावला का रे?"

"कोण लावतुया? सोमवारी सांजच्याला सहावं पातं झालं. मंगळवारी पूजा. बुधवारी दसरा, सुट्टी. गुरवारी ह्ये आसं." मग त्याच्या उरलेल्या डोळ्यात एकाएकी उजेड आला. "ताई, पर पूजा काय झाली हुती! बाळासोनं टेपचं टोक हातभर उलगडून टेबलावर ठिवलं, पोथीचं पान पसरावं तसं. म्हणला, ही आपल्या मशीनची पोथी, हिला बी ववाळा. तुमी निरांजन धरलंसा, वर पंखा चालू, ज्योत कशी लवलव लवलव करायला लागली! मला वाटलं इझतीया. पर तुमी ताट तिरकं केलंसा आन् हातानं आडोसा केलासा. न्हाई इझू दिली. मी दगडीला सांगितलं, बाई लय शानी हाय."

"आवं, दोनदा सांगितलंय," दगडाबाई म्हणाली.

अनसूया हसली खरी, पण गुंडाच्या बोलण्यातलं काहीतरी तिला खटकलं. का, ते तिला तेव्हा कळलं नाही.

कळलं कराडच्या स्टँडवर. एसटी अर्धा तास थांबणार होती. सकाळपासून पोटात काही नव्हतं. तिनं खिडकीतूनच भजी घेतली. भजी संपली, आणि पुड्याचा कागद फेकायला तिनं हात उचलला. तिरपं ऊन थेट त्या कागदावर पडलं.

जिथं तेल लागलं होतं, तिथून उजेड आरपार येत होता. पलीकडच्या पानावरची अक्षरंसुद्धा उलटी दिसत होती.

वाईला, माहेरी, लहानपणी ती वहीच्या कागदाला खोबरेल चोळायची आणि त्याखाली रांगोळीचं पुस्तक ठेवून नक्षी गिरवायची. ट्रेसिंग कागद विकत कोण देणार? तेल लागलं की कागद काच होतो. हे तिला आठव्या वर्षापासून माहीत होतं!

मी टेप सुईनं वाचली, तिच्या मनात आलं. मशीन उजेडानं वाचतं.

डब्यातल्या मुंग्या. तिरकं केलेलं ताट. लवलवणारी ज्योत.

एसटी सुटली. साताऱ्यापर्यंत अनसूयानं तो तेलकट कागद मुठीत घट्ट धरून ठेवला होता.

५

सोमवारी आठ वाजताच ती राहीआईंकडे गेली. बंगला कारखान्याच्या आवारातच होता. साहेब अंघोळीला गेले होते. राहीआईंनी काही न विचारता किल्ल्यांचा जुडगा उचलला आणि तिच्याबरोबर ऑफिसात आल्या.

डब्यात आता मुंग्यांची रांग लागली होती. अनसूयानं टेप अलगद उलगडली आणि पूर्वेच्या खिडकीशी धरली. भोकांमधून उन्हाचे ठिपके गळायला लागले. हातभर अंतरावर, भोकांच्या शेजारी, एक डाग उजळला. तांदळाच्या एका दाण्याएवढा, पट्टीवर आडवा पडलेला.

"काय गं ते?" राहीआईंनी चष्मा वर केला.

"तूप. निरांजनातलं." अनसूयाचा आवाज अगदी सरळ होता. "माझ्या ताटातलं."

राहीआई खुर्चीत बसल्या. त्यासुद्धा पांढऱ्या कपाळाच्या. त्यांना पुढचं सगळं ऐकू येत असणार. विधवेनं ओवाळलं, मशीन फुटलं, गड्याचा डोळा गेला. पुढची शंभर वर्षं कुठल्या बाईला ताटाजवळ फिरकू देणार नाहीत.

"नुसतं तूप म्हण," त्या शेवटी म्हणाल्या. "कुणाचं ते सांगू नको. किंवा माझ्या हातून सांडलं म्हण. मी आता किती दिवसांची?"

"आणि फौजदारांनी विचारलं, पूजेत टेपपाशी कोण होतं, तर? बाळासोनंच टेप उलगडली होती, आई. तूप त्याच्याच नावावर जाईल."

"मग तुझं काय होईल, कळतंय का तुला?"

अनसूयानं टेप गुंडाळली. "माझी सही त्या कागदावर आहे. ती मला पुरी करायचीय."

६

अकरा वाजता शॉपमध्ये सगळे जमले. फौजदार, साबडेसाहेब, परचुरे, जोतीराम, आणि दोन शिपायांच्या मधे बाळासो. अनसूयानं जोतीरामच्या बायकोलाही बोलावणं धाडलं होतं. चंद्राबाई हिरव्या लुगड्यात, कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावून, गोंधळल्यासारखी उभी होती.

"बाई, हा काय प्रकार आहे?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, तुम्ही म्हणालात, सहा पाती बरोबर, सातवं चुकलं, मधे बदललं काय? प्रश्न बरोबर होता. मी उत्तर आणलंय. परचुरे, आज कटर लावू नका, ठोकळा नको. नुसतं मशीन टेप कशी वाचतं ते बघू. खोली आकड्यात दिसते ना?"

"दिसते. पण ही टेप तुम्ही स्वतः..."

"लावा तर खरी."

मशीनवरची टेप चढली. दिवा लागला. पट्टी सरसर सरकली आणि मशीनच्या काचेतल्या आकड्यावर सगळ्यांचे डोळे खिळले.

सात.

परचुरेनं टेप मागे घेतली आणि परत लावली. सात.

"अशक्य! तिथं एकच लिहिलंय. भोकं एकाचीच आहेत!"

"भोकं एकाचीच आहेत. मी सुईनं पाहिली, सही खोटी नाही. आता उजेडाशी धरून बघा."

परचुरेनं टेप खिडकीशी नेली. डाग पाहिला. बोटानं चाचपला आणि नाकाशी नेला. मग स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "दोन भोकांची जागा. एक जास्त झालं असतं तर मशीन थांबलं असतं. पण दोन... चारची सहा झाली. सम ती समच राहिली. मशीन फसलं. एकाच्या ओळीत ही दोन वाढली की आकडा होतो सात." त्यानं टेप खाली घेतली. "मी भोकं बुजण्याची भीती घातली. भोकं वाढतील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

"पर त्ये तूप आलं कुटनं?" जोतीरामनं विचारलं.

अनसूयानं एकदा बाळासोकडे पाहिलं. मग सगळ्यांकडे.

"माझ्या निरांजनातून. खंडेनवमीला ज्योत विझू नये म्हणून मी ताट तिरकं केलं. थेंब टेपवर पडला. बाळासोनं काही केलं नाही. गुंडाचा डोळा माझ्या हातून गेला."

जोतीराम पुढे सरकून म्हणाला, "म्हणूनच म्हणालू हुतो मी. सवाष्णीनं ववाळाय पायजे हुतं. आपशकुन झाला त्यो..."

"म्हणून तर चंद्रावहिनींना बोलावलंय."

अनसूयानं कपाटातली जोडप्रत पुढे केली. ती स्वच्छ, बिनडागी. परचुरेनं लावली. आकडा आला एक. मग तिनं पिशवीतून तुपाची वाटी आणि आगकाडी काढली आणि चंद्राबाईपुढे धरली. टेपवर पेन्सिलीनं बारीक खूण केलेली होती.

"वहिनी, आगकाडी तुपात बुडवा आणि या खुणेवर आडवी टेकवा. तांदळाएवढंच लागू दे."

"मी? आन् काय वंगाळ झालं तर?"

"काही होणार नाही. कटर काढून ठेवलाय."

चंद्राबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. जोतीरामनं मिशीवरून हात फिरवला, पण मान हलवली नाही, ना हो ना नाही. तिनं पदर खोचला, देवाचं नाव घेतलं आणि काडी टेकवली. अनसूयानं तूप कागदात मुरू दिलं. परचुरेनं टेप चढवली.

पट्टी सरकली.

सात.

चंद्राबाई आकड्याकडे बघत राहिली. मग नवऱ्याकडे वळून मोठ्यानं म्हणाली, "आवं, माज्या बी हातानं सातच आलं की वं!"

जोतीरामनं टोपी काढली. काही न बोलता तो मशीनपाशी गेला आणि एवढं मोठं वैर विसरून त्यानं त्या आकड्याच्या काचेवरची धूळ बाहीनं पुसली. फौजदारांनी अनसूयाच्या सहीचा कागद साहेबांच्या हातात परत दिला. साहेब कुणाकडेच बघत नव्हते. शिपाई बाजूला झाले तरी बाळासो जागचा हलेना. शेवटी साहेबच त्याच्यापुढे गेले आणि म्हणाले, "बाळासो, मी चुकलो."

"मी भावाला तार करू का साहेब?" बाळासोनं विचारलं. त्याला एवढंच सुचलं.

७

पुढच्या रविवारी अनसूया परत सांगलीला गेली. गुंडाच्या डोळ्यावरची पट्टी आता लहान झाली होती. दगडाबाई चहा आणायला खाली गेली होती. अनसूयानं सगळं पहिल्यापासून सांगितलं, काही न लपवता. ज्योत, पंखा, तिरकं ताट, तांदळाएवढा थेंब.

गुंडा छताकडे बघत राहिला. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा खोकत होता.

"तवा मी म्हणालू हुतो," तो हळूच बोलला, "बाई लय शानी हाय. ज्योत इझू दिली न्हाई."

"विझू द्यायला हवी होती, गुंडा."

"व्हय." त्यानं मान हलवली. त्यानं तिला माफ केलं म्हणून नव्हे, आणि तिनं माफी मागितलीही नव्हती. अशी गोष्ट माफीत बसत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. "दाजी कामावर आला?"

"आला. नवा ठोकळा चढवलाय. जोतीरामच तासतोय."

"आन् इंपेलर?"

"सात पाती. सगळी पहिल्यापासून."

मग मान वळवून उजव्या डोळ्यानं त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. आल्यापासून पहिल्यांदाच.

"फुडच्या खंडेनवमीला कोण ववाळणार?"

"माहीत नाही. मी तर नाहीच."

"तुमीच ववाळा," गुंडा म्हणाला. "न्हाई ववाळलंसा तर लोकांचंच खरं हुईल. माजा डोळा तुपानं गेला, तुमच्या कपाळानं न्हाई." त्यानं पट्टीवर बोट टेकवलं. "पर मशीनला ववाळा ताई. टेपला न्हाई."